नारळाचा पोचा

दगडांपासून सायकल कशी वाचवायची हे कल्याणी रणपिसेला कुणी शिकवायची गरज नव्हती. धायरीच्या मागच्या टेकड्यांवरून उतारानं सुसाट येताना पुढचं चाक दगड उडवतं आणि तो नेमका फ्रेमच्या खालच्या नळीवर बसतो, म्हणून त्या नळीला तिनं जाड पारदर्शक फिल्म चिकटवली होती. चेन आपटते त्या मागच्या दांड्याला जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळली होती. पडल्यावर हँडल गर्रकन फिरून फ्रेमवर आदळू नये म्हणून तिथे रबराचा ठोकळा बसवला होता. मोटारीच्या कॅरियरवर सायकल लादायची वेळ आली तर चिमटा सीटच्या दांड्याला लावायचा, नळीला कधीच नाही. एवढं सगळं करून एकच जागा उघडी राहिली होती, ती वरच्या नळीची पाठ. दगड खालून येतात. वरून नारळ येईल असं कुठल्याही शहाण्यानं कुठे लिहून ठेवलेलं नव्हतं.

तो आला दसऱ्याला. कल्याणी आणि तिची आई कांताबाई तेव्हा नागपुरात, दीक्षाभूमीवर होत्या. दसऱ्याला या दोघी पुण्यात नसतात हे नवचैतन्य सोसायटीत सगळ्यांना ठाऊक होतं, कारण परत आल्यावर कांताबाई घरोघरी संत्र्याची बर्फी वाटायची. परतल्यावर कल्याणी बॅग वर न नेता आधी पार्किंगमध्ये गेली. चाळिशीला आलेल्या, पाटबंधारे खात्यात इंजिनियर असलेल्या बाईनं गावाहून आल्या आल्या सायकलीची चौकशी करावी, यावर सोसायटीत पूर्वी विनोद व्हायचे. आता ते विनोदही शिळे झाले होते.

हँडलला झेंडूची सुकलेली माळ होती. पुढच्या चाकावर कुंकवाची बोटं उमटली होती. आणि वरच्या नळीच्या बरोब्बर मधोमध, वजन वाचवायला जिथे नळी सगळ्यात पातळ ठेवलेली असते तिथे, पोचा पडला होता. भोवती नारळाच्या पाण्याचा चिकट ओघळ, त्यावर मुंग्यांची रांग. कल्याणीनं पोच्यात अंगठा ठेवून पाहिला. तो अगदी बरोबर बसला.

"हे कुणी केलं, माऊली?"

माऊली म्हणजे सोसायटीचा वॉचमन. त्यानं आधी इकडेतिकडे पाहिलं, मग आवाज खाली आणला. "सामुदायिक वाहनपूजन होतं, ताई. चेअरमन सायबांनी सगळ्या गाड्यांना नारळ फोडलं."

"नारळ जमिनीवर फोडतात."

"टाइल्स नव्या हायेत ना."

आता या टाइल्सचं थोडं सांगायला हवं. आप्पासाहेब चेअरमन झाले आणि त्यांनी आयुष्यातलं एकच सार्वजनिक कार्य केलं. पार्किंगमध्ये टाइल्स बसवल्या. तेव्हापासून पोरांनी तिथे क्रिकेट खेळायचं बंद, गॅसवाल्यानं सिलिंडर गडगडवत न्यायचा बंद. अशा टाइल्सवर ते नारळ आपटतील हे शक्यच नव्हतं. मोटारी त्यांनी गेटबाहेर रस्त्यावर काढायला लावल्या आणि तिथे नारळ फोडले. मोटरसायकलींचे नारळ त्यांच्या लोखंडी गार्डवर फोडले. कल्याणीच्या सायकलीला कुलूप होतं, बाहेर काढता येईना, आणि गार्ड तर सायकलीला नसतोच. मग आप्पासाहेबांनी समोर जी आडवी नळी दिसली तिच्यावर नारळ हाणला. फुटेना म्हणून परत हाणला, असंही माऊलीनं सांगितलं.

आप्पासाहेब झोपाळ्यावर पेपर वाचत होते. कल्याणीला पाहून त्यांना आनंद झाला, आणि तो खोटा नव्हता. या माणसाची हीच तर गंमत होती.

"या, या कल्याणीताई. कसं काय नागपूर? गर्दी होती का?"

"आप्पासाहेब, माझ्या सायकलवर नारळ फोडलात?"

"फोडला तर! तुम्ही नव्हता म्हणून काय झालं? या सोसायटीत आम्ही भेदभाव करत नाही. सगळ्या गाड्यांची पूजा झाली तशी तुमच्याही गाडीची झाली."

"मला विचारलं नाहीत. आम्ही पूजा करत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. आणि दसऱ्याला आम्ही नागपूरला कशासाठी जातो, तेही माहीत आहे."

"अहो, देवाच्या कामाला काय विचारायचं? चांगलंच झालं ना?"

"नळीला पोचा पडलाय."

"नारळानं पोचा पडत असेल तर सायकलच तकलादू म्हणायची. आमच्या वेळच्या सायकलींवर ज्वारीची पोती घालून न्यायचे, हूं का चूं नाही." आप्पासाहेबांनी पेपरची घडी घातली आणि समजूत काढायच्या सुरात म्हणाले, "आणि मनाला लावून घेऊ नका. देवाच्या कामात पडलेला पोचा शुभ असतो."

कल्याणीनं समजावून पाहिलं. ही नळी ॲल्युमिनियमची आहे, ती लोखंडासारखी सोसत नाही, उतारावर सगळा हिसका या नळीवर येतो आणि पोच्याच्या कडेला चीर गेली तर चालवणाऱ्याचं थोबाड फुटेल, असं सगळं. आप्पासाहेब मान डोलवत होते आणि त्यांचा डोळा पेपरातल्या कोड्यावर होता. ती उठली तेव्हा त्यांची सून श्रद्धा चहा घेऊन बाहेर आली. चहा नको म्हणून कल्याणी निघाली, तर मागून आप्पासाहेब म्हणाले, "चहाला नाही म्हणू नये हो. आम्ही तुमच्याकडची बर्फी खातोच ना!"

जिना चढताना तिचे कान गरम झाले होते. खातात म्हणे! जसं काही बर्फी खाणं हा त्यांनी तिच्यावर केलेला उपकार होता. पोचा तर होताच. पण पोच्यापेक्षा तो दिवस तिला जास्त लागला होता. ज्या दिवशी तिच्या आजोबांच्या पिढीनं बौद्ध होऊन देवपूजेचं हे सगळं नदीत सोडून दिलं, बरोबर त्याच दिवशी हा माणूस तिच्या सायकलीला कुंकू फासतो, वर स्वतःची पाठ थोपटून घेतो. तिला त्याच्या तोंडून एकच शब्द हवा होता. चुकलो. बाकी काही नको होतं. पण तो शब्द आप्पासाहेबांच्या घरात बहुधा वापरायची पद्धत नव्हती.

"बोललीस का त्यांना?" कांताबाईनं विचारलं.

"बोलले. पालथ्या घड्यावर पाणी."

"मग परत बोल. सगळ्यांच्या म्होरं बोल."

पण सगळ्यांसमोर म्हणजे सोसायटीच्या मीटिंगमध्ये, आणि मीटिंगचे अध्यक्ष आप्पासाहेब. चोराला चोराबद्दल तक्रार सांगायची, अन् तीही हात वर करून परवानगी घेऊन. कल्याणीनं तो विचार सोडला.

शनिवारी ती सायकल घेऊन कसबा पेठेत बद्रीनाथकडे गेली. बद्रीनाथ पूर्वी डोंगरातल्या शर्यती मारायचा, आता त्याच डोंगरांनी मोडलेल्या सायकली दुरुस्त करायचा. त्यानं पोच्यावर टॉर्च धरला आणि बोट फिरवलं.

"कशानं झालं?"

"नारळानं."

बद्रीनाथनं तिच्याकडे पाहिलं आणि पुढे काही विचारलं नाही. पेठेतल्या माणसाला काही गोष्टी पटकन समजतात. "स्टीलची असती तर लाकडाच्या दोन ठोकळ्यांत नळी धरून, ठोकळे फिरवत फिरवत पोचा बराचसा काढून दिला असता. ही ॲल्युमिनियम. काढायला जाल तर चिरेल."

"पुट्टी भरून रंग मारला तर?"

"तर तुम्हाला पोचा दिसणार नाही आणि चीर गेली तर तीही दिसणार नाही. विकायची असेल तर भरा." त्यानं मार्करनं पोच्याभोवती एक गोल काढला. "कड मऊ आहे, घडी पडलेली नाही, हे नशीब. पोच्याला हात लावायचा नाही, नजर ठेवायची. दरवेळी नख फिरवून बघा. रंगाला केसाएवढी रेघ दिसली की फ्रेम भंगारात. आणि उड्या बंद."

"किती दिवस?"

"ते नारळाला विचारा."

उड्या बंद झाल्या. उड्या बंद म्हणजे काय, हे ज्याचं जळतं त्यालाच कळतं. टेकडीवरून खाली येताना एका वळणापुढे खडकाची पायरी होती. आठवडाभर फायली उपसून आंबलेलं डोकं त्या पायरीवरून हवेत गेलं की लख्ख व्हायचं. आता कल्याणी तिथे उतरून सायकल हातानं खाली घ्यायची. कॉलेजातली पोरं बाजूनं उड्या मारत जायची आणि "ऑल ओके ना मॅम?" असं विचारायची. उतारभर तिचं बोट ब्रेकवरून सुटेना. डोळा समोरच्या वाटेवर कमी आणि मार्करच्या त्या गोलावर जास्त. खाली आल्यावर नख फिरवायचं, रेघ नाही ना बघायचं, आणि आप्पासाहेबांना एक शिवी हासडायची, हा नेम झाला.

अशात सोसायटीच्या ग्रुपवर आप्पासाहेबांचा निरोप पडला. दिवाळी पाडव्याला त्यांच्याकडे नवी मोटार येत होती. संपूर्ण सोसायटीला पूजनाचं आणि पेढ्यांचं आमंत्रण होतं. खाली मोटारीचा फोटो. मोतिया रंग, लांबलचक बॉनेट, आणि बॉनेटच्या दोन्ही अंगांनी काचेकडे धावत गेलेली उठावदार धार.

कल्याणीनं तो फोटो बोटांनी मोठा केला. पोच्यांचा अभ्यास तिचा झालेलाच होता. बॉनेटच्या मधल्या सपाट भागात पोचा पडला तर कारागीर खालून दाब देऊन तो असा काढतो की मालकालाही जागा सापडू नये. पण धारेवर पोचा पडला की पत्रा दोन्हीकडून ताणतो. तो ठोकून सरळ झाला तरी उजेडात रेघ थोडी वाकडी दिसतेच, आणि एकदा दिसली की मालकाला दुसरं काही दिसत नाही. तिनं धारेवरची जागा ठरवली. कितीतरी दिवसांनी तिला शांत झोप लागली.

दुसऱ्या दिवशी ती आपण होऊन आप्पासाहेबांकडे गेली. आवाजात साखर घोळून म्हणाली, "दसऱ्याला तुम्ही माझ्या गाडीचा नारळ फोडलात. आता तुमच्या गाडीचा मी फोडीन म्हणते. चालेल ना?"

आप्पासाहेबांचे डोळे पाणावले. अक्षरशः पाणावले. "कल्याणीताई, याला म्हणतात एकोपा! श्रद्धा, ऐकलंस का गं?"

श्रद्धानं ऐकलं होतं. ती कल्याणीकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली.

तयारीत कल्याणीनं कसर ठेवली नाही. नारळ कसा धरला की तो फुटायच्या आधी समोरच्याला फोडतो, याचा सराव तिनं टेकडीवरच्या खडकांवर केला. शेंडी साफ काढायची, करवंटीवरच्या तीन धारांपैकी एक खाली घ्यायची, मनगट ताठ ठेवायचं. फुटलेले नारळ टाकवेनात म्हणून पिशवीतून घरी यायचे. रोज चटणी, रोज सोलकढी. "कोकणातनं कुणी पाव्हणं आलंय का गं?" कांताबाईनं एकदा विचारलं. कल्याणीनं सांगितलं, स्वस्त मिळतात. आईशी ती सहसा खोटं बोलत नसे.

पाडव्याला सकाळी मोटार आली. आप्पासाहेबांनी ती हार घालून पार्किंगमध्येच उभी केली, म्हणजे सगळ्या गॅलऱ्यांतून दिसावी. टाइल्सच्या रक्षणासाठी पुढच्या चाकासमोर ग्रॅनाइटचा ठोकळा मांडला होता. आप्पासाहेब रेशमी झब्ब्यात, श्रद्धाच्या हातात मोबाइल, भोवती तीसेक माणसं. भटजींनी बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, फुलं वाहिली.

"आता नारळ आपल्या कल्याणीताईंच्या हस्ते!" आप्पासाहेबांनी घोषणा केली. टाळ्या पडल्या. कल्याणी पुढे झाली आणि तिनं नारळ उचलला.

"थांबा, थांबा. आधी नमस्कार करा, ताई. हात जोडा. मग नारळ."

हे तिनं हिशेबात धरलंच नव्हतं. धारेवरची जागा ठरवली, मनगटाचा सराव केला, पण नारळाच्या आधी हात जोडतात हे साफ विसरली. विसरणार नाही तर काय. तिच्या घरात कुणी कधी जोडलेच नव्हते. श्रद्धाचा मोबाइल तिच्यावर रोखलेला होता, आप्पासाहेब प्रेमानं मान हलवत होते. आत्ता मागे फिरलं तर मोतिया बॉनेट आयुष्यभर तसंच गुळगुळीत राहील आणि माझी नळी पोचा पडलेली, असा विचार तिच्या मनात आला. तिनं नारळ खाली ठेवला, मोटारीपुढे हात जोडले आणि डोकंही थोडं वाकवलं.

मग तिनं नारळ उचलला, ग्रॅनाइटच्या ठोकळ्याकडे बघितलंसुद्धा नाही, आणि सगळ्या अंगाचा जोर लावून तो बॉनेटच्या धारेवर हाणला.

आवाज असा झाला की वरच्या मजल्यावरची कबुतरं उडाली. नारळ फुटला नाही. तिनं परत हाणला. आता फुटला. पाणी स्वस्तिकावरून वाहत खाली आलं आणि धारेवर, तिनं ठरवलेल्या जागी, वाटी उपडी ठेवता येईल असा पोचा पडला.

"टाइल्स जपायला हव्यात ना, आप्पासाहेब," कल्याणी म्हणाली.

आप्पासाहेबांनी खिशातून रुमाल काढला आणि पुसला तर जाईल अशा आशेनं ते पोचा पुसू लागले. झोपाळ्यावरचं त्यांचं ते वाक्य एव्हाना सोसायटीभर झालं होतं. तळमजल्यावर राहणारे संभाजी काळभोर, पोलिसातून निवृत्त झालेले, मागून कोरड्या आवाजात म्हणाले, "राहू द्या हो. देवाच्या कामातला पोचा. शुभ असतो म्हणे." कुणीतरी फिसकन हसलं. आप्पासाहेबांना मान डोलवावी लागली. "हो, हो. शुभच," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज चिरका निघाला.

कल्याणीला आनंद झाला. खरा, धडधडीत, पोटातून आलेला आनंद. ती जिना दोन दोन पायऱ्यांनी चढली. दार उघडंच होतं. कांताबाई ओट्याकडे तोंड करून भाजी चिरत होती. कल्याणीनं हात धुतले, गुणगुणत ताटं घेतली. आईनं तिच्याकडे न बघता वाढलं.

जेवण उरकलं आणि फोन वाजला. वाघोलीहून तिचा चुलतभाऊ धम्मदीप.

"जय भीम, ताई. ऐक, एक फोटो फिरतोय. आमच्या विहाराच्या ग्रुपवरपण आला. तू एका कारपुढे हात जोडून उभी आहेस. एआयनं बनवलाय ना? मी सगळ्यांना तेच सांगितलंय, फेक आहे म्हणून."

कल्याणीनं सोसायटीचा ग्रुप उघडला. फोटो नेमका त्या क्षणाचा होता. हात जोडलेले, डोकं वाकलेलं, समोर कुंकवाचं स्वस्तिक. पोच्याचा फोटो एकही नव्हता. खाली आप्पासाहेबांनी लिहिलं होतं, "हाच खरा बदल! आपल्या कल्याणीताईंनी आज आपल्या संस्कृतीपुढे हात जोडले. सर्व भेद मिटले. हा फोटो जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोचवा." खाली नमस्कारांची आणि फुलांची रांग लागली होती.

"ताई? फेकच आहे ना?"

हो म्हटलं असतं तर संपलं असतं. धम्मदीपनं ते सगळीकडे पटवूनही दिलं असतं. पोरगा कॉम्प्युटरमधला होता. कल्याणीच्या जिभेवर हो आलंसुद्धा.

"नाही रे," ती म्हणाली. "मीच आहे."

"बरं," धम्मदीप म्हणाला, आणि त्यानं फोन ठेवला. जय भीम म्हणायचं राहून गेलं.

तिला तेव्हा समजलं की आप्पासाहेबांनी सौदा स्वस्तात केला होता. बॉनेट काय, महिन्याभरात थोड्या वाकड्या रेघेचं होऊन परत येईल. त्यांना एका पोच्यात जे मिळालं होतं ते त्यांनी साठ वर्षं मागितलं असतं तरी कुणी दिलं नसतं. आणि दिलं कुणी, तर तिनंच, स्वतः होऊन, आवाजात साखर घोळून. मारायला गेली आणि हातातली काठीच त्याला देऊन आली. तिला स्वतःचा इतका संताप आला की डोळ्यांतून पाणी आलं.

"आई, तू बघितलंस?"

"गॅलरीत हुते मी." कांताबाई पलंगावर पाय वर घेऊन बसली होती. "नारळाचं काय, झाडाला येतो. फोडला, फोडला. पण तू हात जोडलेस."

"सूड घ्यायला जोडले गं. मनातनं नव्हते जोडले."

"बघणाऱ्याला काय दिसतंय मनातलं?" कांताबाईचा आवाज चढला नाही. "शाळेत शिपाई हुते मी. दर दसऱ्याच्या सुट्टीआधी पाटीपूजन असायचं. हेडबाई म्हणायच्या, कांताबाई, जोडा की हात, एवढ्यानं काय होतंय. मी हात मागं बांधून उभी राहायची. नोकरी जायची भीती वाटायची, तरी उभी राहायची. कुणाला शिव्या दिल्या नाहीत, कुणाच्या गाड्या फोडल्या नाहीत. नुसते हात मागं."

कल्याणी फोन घेऊन टेबलाशी बसली. लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. रागानं लिहिलेलं फार सुंदर व्हायला लागलं की ती ते पुसायची. शेवटी उरलं ते तिनं आईला वाचून दाखवलं.

"फोटोत हात जोडलेली बाई मीच आहे. ते हात खोटे जोडले होते. बॉनेटवरचा पोचा, जो कुणी फोटोत दाखवलेला नाही, तो मी मुद्दाम पाडला. दसऱ्याला आम्ही दीक्षाभूमीवर असताना आप्पासाहेबांनी मला न विचारता माझ्या सायकलीची पूजा केली, तिच्यावर नारळ फोडला, फ्रेम कायमची खराब केली आणि वर ते शुभ असतं म्हणून सांगितलं. हा त्याचा सूड आहे. सूड घेतला याचं मला वाईट वाटत नाही. हात जोडले याचं वाटतं, आणि ते मी परत घेते. भेद मिटलेले नाहीत. फोटो जिथे जिथे पाठवलात तिथे तिथे हेही पाठवा. कल्याणी रणपिसे."

कांताबाईनं सगळं ऐकून घेतलं. "पोलिसात जातील ते."

"जाऊ देत. तिथेही हेच सांगेन."

"सगळ्यांच्या म्होरं बोल, हे मी तेव्हाच म्हणत हुते." कांताबाईनं चष्मा लावला, फोन हातात घेतला आणि ओठ हलवत सगळं स्वतः पुन्हा वाचलं. मग शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. "याच्या खाली माझं पण नाव घाल."

"तुझं कशाला? तू काय केलंयस?"

"केलं काही नाही." कांताबाईनं चष्मा काढला आणि पदरानं पुसायला घेतला. पुसता पुसता तिच्या तोंडावर हसू फुटलं, आणि ते तिला काही केल्या आवरेना. "पण त्याचं ते बॉनेट वाकलं ना, तेव्हा मला लई बरं वाटलं. तेपण लिही."

कल्याणीनं लिहिलं. 'बॉनेट वाकलेलं पाहून माझ्या आईला, कांताबाई दशरथ रणपिसे यांनाही, फार बरं वाटलं.' मग तिनं ते ग्रुपवर पाठवून दिलं आणि दोघी शेजारी शेजारी बसून फोनकडे बघत राहिल्या.